जाड कापडाला जाड सुई?

विदर्भातील शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळाभर माळ्यावर पडलेली दप्तरे त्या सुमारास खाली काढली जातात, झटकली जातात, आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : "पट्टा उसवला आहे!" कॅनव्हासचे कापड तसे मोठे चिवट. ते वर्षानुवर्षे टिकते. पण पट्टा जेथे पिशवीला जोडलेला असतो, ती जागा मात्र सर्वांत आधी दगा देते.

मग कोणीतरी घरातल्या शिवणाच्या डब्यातील सुई घेऊन दुरुस्तीला बसते. सुई कापडात अर्धी जाते आणि वाकते. नाही तर तिचे मागचे टोक बोटात रुतते. यावर उपाय म्हणून पोती शिवायचा दाभण आणला जातो. दाभण आरपार जातो, टाके पडतात, सारे खूश होतात. परंतु महिन्याभरात त्या टाक्यांच्या रेषेवर कापडच फाटते. आधी नुसती शिवण उसवली होती. ती पुन्हा घालता आली असती. आता कापडच गेले. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे लावणार, अशी गत होते.

"जाड कापडाला जाड सुई" हा नियम आपण सारेच न तपासता धरून चालतो. तो खरा आहे का? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. दाब, घर्षण, पाचर आणि स्थितिस्थापकता हे धडे तुम्ही शिकला असाल, किंवा लवकरच शिकाल. ते सारे एका सुईत एकत्र आलेले आहेत.

उत्तर नागपुरातील जरीपटका ही १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेली वस्ती. तेथील बाजारात, किंवा तुमच्या गावच्या कोणत्याही बाजारात, शिलाई-सामानाच्या दुकानात जाऊन नुसती "सुई द्या" म्हणून पाहा. दुकानदार विचारील, "कोणती?" बारीक शिवणाची, गोधडीची, भरतकामाची, यंत्राची, पोत्याचा दाभण, कोचाच्या कामाची वाकडी सुई, असे नाना प्रकार असतात. बाहेर रस्त्याच्या कडेला बसलेल्या मोचीदादांच्या हातात तर सुईऐवजी आरी दिसेल. इतके प्रकार का, हे कळले की निवड आपोआप जमते.

सुईच्या टोकावर किती दाब?

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल. समजा, तुम्ही सुई १० न्यूटन बलाने ढकलली. हे बल सुमारे एक किलोग्रॅमच्या वजनाएवढे आहे. सुईच्या टोकाचा व्यास ०.१ मिलिमीटर धरू. मग टोकाचे क्षेत्रफळ सुमारे ०.००८ चौरस मिलिमीटर होते, आणि त्यावरील दाब होतो सुमारे १२७ कोटी पास्कल! म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ साडेबारा हजार पट. एवढ्या दाबापुढे कापसाच्या सुताला बाजूला सरण्यावाचून गत्यंतरच नसते.

पण न्यूटनचा तिसरा नियम विसरू नका. सुई कापडाला १० न्यूटन बलाने ढकलते, तेव्हा तिचे मागचे टोक तुमच्या बोटालाही तेवढ्याच बलाने ढकलते. मागच्या टोकाचा व्यास एक मिलिमीटर धरला, तर बोटावरचा दाब वातावरणाच्या सुमारे १२५ पट भरतो. म्हणून तर बोट दुखते. आता बोटात धातूचे अंगुस्तान घाला. तेच बल अंगुस्तानामुळे सुमारे एक चौरस सेंटिमीटर त्वचेवर पसरते, आणि दाब उतरतो वातावरणाच्या केवळ एक पटीवर. साडेबारा हजार, सव्वाशे आणि एक! बल तिन्ही ठिकाणी तेच. बदलते ते फक्त क्षेत्रफळ.

सुईचे टोक खरोखरच टोकदार असते का? रॉबर्ट हुक या इंग्लिश शास्त्रज्ञाने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' नावाचा सूक्ष्मदर्शकातील निरीक्षणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील पहिलेच निरीक्षण सुईच्या टोकाचे आहे. डोळ्यांना अणकुचीदार दिसणारे टोक सूक्ष्मदर्शकाखाली बोथट आणि खडबडीत दिसते, असे त्याला आढळले. तुमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर नवी सुई आणि वर्षभर वापरलेली सुई शेजारी शेजारी ठेवून पाहा. टोकाचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते आणि तेवढाच दाब आणायला चौपट बल लागते. बोथट सुईने कॅनव्हास शिवणे म्हणजे विनाकारण चौपट कष्ट करणे होय.

सुई का वाकते?

दाब पुरेसा असूनही घरातील बारीक सुई कॅनव्हासमध्ये वाकते. याचे कारण टोकात नाही, तर सुईच्या अंगात आहे. एखादी लवचीक पट्टी दोन्ही टोकांकडून दाबली, की एका मर्यादेपर्यंत ती सरळ राहते आणि मग एकाएकी बाक घेते. ही मर्यादा कशी काढायची, ते लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली दाखवून दिले. गोल सळईच्या बाबतीत हे मर्यादेचे बल जाडीच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते.

आकडे घालून पाहू. पोलादी सुई ०.७ मिलिमीटर जाड आणि ४ सेंटिमीटर लांब आहे, आणि तिची दोन्ही टोके कोणीही घट्ट धरलेली नाहीत असे मानू. हिशेब करता ती सुमारे १४ ते १५ न्यूटनला, म्हणजे दीड किलोग्रॅमच्या वजनाएवढ्या बलाला बाक घेते. एका थराच्या कॅनव्हासला ती कदाचित पुरेल. पण पट्ट्याच्या मुळाशी चार-चार थर एकावर एक असतात. तेथे ती हमखास वाकणार. आता सुईची जाडी दुप्पट, म्हणजे १.४ मिलिमीटर करा. मर्यादा सोळापट होऊन सुमारे २३० न्यूटनवर जाते!

यावरून कोणी म्हणेल, मग जाडच सुई बरी. थांबा. दुसराही मार्ग आहे. सुई तीच ठेवा, पण तिची मोकळी लांबी निम्मी करा, म्हणजे तिला टोकाच्या जवळ, मध्यावर धरा. लांबीचा वर्ग एक-चतुर्थांश झाल्याने मर्यादा चौपट होईल. अनुभवी शिंपी सुई टोकाच्या जवळ का धरतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

पहिला नियम : जाडी दोरा ठरवतो

सुईचे खरे काम भोक पाडणे हे नाही. भोकातून दोरा सुखरूप पलीकडे नेणे हे तिचे खरे काम आहे. म्हणून सुई किती जाड असावी, हे कापडाला न विचारता दोऱ्याला विचारावे.

नेढ्यापाशी दोरा दुमडलेला असतो. म्हणजे भोकातून एकाच वेळी दोन पदर जातात. दोन पदरांचे काटछेद मिळून जे क्षेत्रफळ होते, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास एका पदराच्या व्यासाच्या √२ पट, म्हणजे सुमारे १.४ पट भरतो. तेव्हा सुई दोऱ्याच्या निदान दीडपट जाड हवी. दुपटीपेक्षा जास्त जाड असण्याचे मात्र कारण नाही.

सुई यापेक्षा बारीक असेल तर काय होते? सुई निघून जाते आणि नेढ्याशी दोरा अडतो. प्रत्येक टाक्याला हिसका द्यावा लागतो. दोरा भोकाच्या कडेवर घासतो, त्याचे तंतू विसकटतात, आणि शिवण पुरी होईपर्यंत शेवटचा हातभर दोरा निम्मा कमकुवत होऊन बसतो. सुई फार जाड असेल, तर दोरा ओढून घेतल्यावरही त्याच्याभोवती भोक उघडे दिसते. त्यात टाका हलतो, सुतावर घासतो, आणि पावसात त्याच वाटेने पाणी वह्या-पुस्तकांपर्यंत पोहोचते.

दोऱ्याची जाडी कशी मोजावी? पेन्सिलीवर दोऱ्याचे वीस वेढे एकमेकांना चिकटून, न ताणता घ्या. वीस वेढ्यांची रुंदी १० मिलिमीटर भरली, तर दोरा ०.५ मिलिमीटर जाड आहे. त्याला ०.७५ ते १ मिलिमीटर जाडीची सुई चालेल. सुईची जाडी शाळेतील स्क्रू गेजने मोजता येईल.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो. हाताने शिवण्याच्या सुयांत क्रमांक वाढत जातो तशी सुई बारीक होत जाते. यंत्राच्या सुयांत नेमके उलट असते. यंत्राच्या सुईवर १००/१६ असे आकडे असतात. त्यांतील १०० म्हणजे एक मिलिमीटरचे शंभर शतांश. ती सुई एक मिलिमीटर जाडीची. तेव्हा नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. दोरा सोबत घेऊन जा आणि ओवून पाहा. दोरा तिरपा धरला असता सुई त्यावरून आपोआप घसरत खाली आली, तर नेढे पुरेसे मोठे आहे.

दोरा कोणता घ्यावा? येथेही "जितका मजबूत तितका बरा" हा समज फसवा आहे. कित्येक जण मासे धरण्याचे तंगूस वापरतात. तंगूस बारीक, कठीण आणि फार मजबूत असते. दप्तर हलले की ते सुती कापडाला करवतीसारखे कापत जाते, आणि गुळगुळीत असल्याने त्याच्या गाठीही सुटतात. विजेच्या मंडलात फ्यूजची तार मुद्दाम दुबळी ठेवतात, म्हणजे बिघाड झालाच तर ती वितळते आणि उपकरण वाचते. शिवणीचेही तसेच असावे. जोराचा हिसका बसलाच तर दोरा तुटावा, कापड फाटू नये. दोरा दहा मिनिटांत पुन्हा घालता येतो. कापड पुन्हा विणता येत नाही.

सुती दोऱ्याचा एक गुण सांगण्यासारखा आहे. कापूस ओला झाला की फुगतो, आणि त्याची ताकदही थोडी वाढते. प्लॅस्टिकच्या बाटल्या घरोघरी येण्यापूर्वी नागपूरच्या उन्हाळ्यात प्रवासी कॅनव्हासची छागल बरोबर ठेवीत. कापडाच्या त्या पिशवीत चक्क पाणी भरत. सूत फुगल्याने वीण घट्ट होई, टाक्यांची भोके बुजत, आणि बाहेर झिरपणारे थोडेसे पाणी बाष्पीभवनाने आतील पाणी गार करी. भोक दोऱ्याने पुरते भरलेले असेल तरच हे साधते, हे उघड आहे. मात्र सुती दोरा फार दिवस दमट राहिला तर बुरशीने कुजतो. पॉलिएस्टरचा दोरा कुजत नाही, पण फुगतही नाही. रोज पावसात भिजणाऱ्या दप्तराला पॉलिएस्टरचा दोरा, किंवा मेण लावलेला सुती दोरा बरा.

दुसरा नियम : टोक कापड ठरवते

सुया जाडीने वेगळ्या असतात हे सर्वांना दिसते. टोकाने वेगळ्या असतात याकडे थोड्यांचेच लक्ष जाते. भिंगातून पाहा. काही सुयांचे टोक पेन्सिलीसारखे गोल निमुळते असते. काहींचे त्रिकोणी, तीन धारांचे असते. काहींचे चपटे असते. गोल टोक वाट काढते. धारेचे टोक वाट कापते. हा फरक फार मोलाचा आहे.

कॅनव्हास म्हणजे काय? उभे आणि आडवे पिळदार सूत घट्ट विणून केलेले कापड. कॅनव्हास हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ भांग किंवा ताग-अंबाडीसारखी एक तंतू देणारी वनस्पती असा आहे; आज मात्र हे कापड बहुधा कापसाचे असते. विदर्भ हा कापसाचाच मुलूख. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झाली ती त्यामुळेच. गिरणी आता बंद झाली असली, तरी सूतकताईचे तत्त्व तेच आहे. कापसाचा एक तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांब असतो. असे असंख्य आखूड तंतू एकत्र पिळले की ते एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यात घर्षण निर्माण होते, आणि त्या घर्षणाच्या बळावर मैलभर लांबीचे सूत एकसंध राहते.

गोल टोकाची सुई या सुतांच्या मधून शिरते. सूत बाजूला सरते. सुई गेली की पुन्हा जागेवर येऊन दोऱ्याला आवळते. एकही सूत तुटत नाही. धारेची सुई मात्र वाटेतले सूत कापते. समजा, कॅनव्हासमध्ये एका सेंटिमीटरला १२ सूत आहेत आणि तुम्ही ४ मिलिमीटरवर एक टाका घालता. म्हणजे दोन टाक्यांमध्ये सुमारे पाच सूत आले. प्रत्येक टाक्याला त्यांतले दोन कापले गेले, तर त्या रेषेवर कापडाची ताकद पाचांवरून तिनावर आली. पोस्टाच्या तिकिटांच्या तावावर भोकांच्या ओळी कशासाठी असतात? तिकीट तेथेच फाटावे म्हणून! धारेच्या सुईने आपण दप्तरावर तशीच ओळ पाडत असतो.

मग धारेची सुई करतात तरी कशाला? चामड्यासाठी. चामड्यात वेगवेगळे सूत नसतात. त्यातील तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. सरकायला वाव नसल्याने गोल सुई त्यात अडकून बसते. तेथे कापूनच वाट करावी लागते. म्हणूनच चामड्यावर टाके दूर दूर घालतात. शल्यचिकित्सकांच्या सुयांतही हेच दोन प्रकार आहेत. आतड्यासारख्या मऊ भागासाठी गोल अंगाची सुई, आणि चिवट त्वचेसाठी धारेची सुई. निवडीचे तत्त्व रुग्णालयात आणि मोचीच्या दुकानात एकच आहे.

दाभणाचे काय? गोणपाटाची वीण इतकी विरळ असते, की दाभण तिच्या फटींतून सुतळी घेऊन सहज निघून जातो. धान्याच्या बाजारात पोती शिवताना दाभण अगदी योग्य हत्यार आहे. पण कॅनव्हासची वीण घट्ट. तेथे त्याला फटी सापडत नाहीत. तो सुते चिरडत आणि तोडत जातो. दोष दाभणाचा नाही, तो चुकीच्या कापडावर चालवणाऱ्याचा आहे.

दप्तराला चामड्याचा पट्टा असेल तर? तेव्हा चामड्यात आधी वेगळी भोके पाडून घ्यावी आणि मग त्या भोकांतून गोल टोकाची सुई कॅनव्हासमध्ये घालावी. एकाच सुईने दोन्ही कामे करायला जाऊ नये.

तिसरा नियम : लांबी आणि आकार जागा ठरवते

दप्तराचे तोंड मोठे आणि जागा मोकळी असेल तर सरळ सुई उत्तम. आखूड सुई जोर जास्त सोसते हे आपण पाहिलेच. पण पिशवीच्या तळाच्या कोपऱ्यात हात पोहोचत नाही, सुई आतून ओढून घेता येत नाही. अशा ठिकाणी वाकडी, वर्तुळकंसाच्या आकाराची सुई घ्यावी. मनगट फिरवले की ती कंसावरून फिरते. बाहेरूनच आत शिरते आणि बाहेरच निघते. कोच आणि गाद्यांचे कारागीर तीच वापरतात, आणि शल्यचिकित्सकही. मात्र वाकडी सुई सरळ ढकलू नये. तिचे टोक जिकडे बघते तिकडे बल न जाता बाजूला जाते, आणि सुई मोडते.

भोक आधी, दोरा नंतर

चार थर आणि वर नायलॉनचा पट्टा, अशी जागा असेल तर सुईवर दोन कामे लादू नका. भोक टोच्याने पाडा, दोरा सुईने न्या. कचेरीत कागदांच्या चळतीला भोक पाडायला जो टोच्या वापरतात, त्याच जातीचे, पण गोल निमुळत्या टोकाचे हत्यार येथे हवे. त्याची लाकडी मूठ तुमच्या हाताचे बल तळव्याच्या मोठ्या भागावर पसरवते. त्याचे लांबट निमुळते अंग म्हणजे एक पाचर. ती थोडे थोडे पुढे सरकत सुतांना हळूहळू दूर करते. टोच्या किंचित फिरवत आत न्यावा. कापडाखाली साबणाची वडी ठेवली तर टोक खाली जायला जागा मिळते आणि हाताला इजा होत नाही.

जहाजांची शिडे शिवणारे कारागीर बोटात अंगुस्तान घालत नाहीत. ते तळहातावर चामड्याचा पट्टा चढवतात. त्यात खळगे असलेली धातूची चकती बसवलेली असते. सुईचे मागचे टोक त्या खळग्यात टेकवून ते सबंध हाताचा जोर लावतात. जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा आणि एक नाणे घेऊन असे साधन तुम्हालाही बनवता येईल.

सुई पलीकडे निघाली की ती ओढायला लहान पक्कड उपयोगी पडते. दातांनी ओढू नये. पकडीने सुई सरळ रेषेत ओढावी. सुईच्या पोलादाला पाणी दिलेले असते. त्यामुळे ते कठीण होते, पण तिरका हिसका बसला तर तटकन तुटते आणि तुकडा डोळ्यांकडे उडू शकतो. तुटलेल्या सुईचे दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय काम पुढे चालू करू नका. सुई खोल टोचली तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतली आहे का, ते डॉक्टरांना विचारा. धनुर्वात गंजामुळे होत नाही. धुळीमातीतील जंतूंमुळे होतो, आणि दप्तराला धूळमाती भरपूर लागलेली असते.

आता मोचीदादांची आरी पाहू. आरीच्या टोकाशी छोटा आकडा असतो. आरी वरून खाली जाते, खालच्या दोऱ्याचा फास आकड्यात धरून वर आणते. दोऱ्याचे दुसरे टोक त्या फासातून ओवून दोन्ही बाजूंना ओढले की टाका भोकात अडकून पक्का होतो. सबंध दोरा प्रत्येक भोकातून ओढावा लागत नाही, म्हणून काम झपाट्याने होते. जरीचे भरतकाम करणारे कारागीरही अशाच आकड्याच्या बारीक सुईला आरीच म्हणतात. कच्छमधील मोची कारागिरांचे आरीचे भरतकाम तर प्रसिद्ध आहे. जरीपटका हा शब्द मराठेशाहीतील जरीच्या निशाणाचा. जरीकामाची नाजूक सुई आणि जोडे शिवण्याचे हत्यार एका नावाने ओळखले जावे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे! आरीच्या आकड्यात कॅनव्हासचे सूत अडकू नये म्हणून ती परत काढताना थोडी फिरवावी लागते. हे सरावाचे काम आहे. नवशिक्याने सुई आणि टोच्या यांवरच भागवावे.

टाका कोणता घालावा?

केंद्र सरकारच्या २०२० सालच्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. तुमचे वजन ४५ किलोग्रॅम असेल तर दप्तर ४.५ किलोग्रॅमपर्यंत असावे. ते एकाच खांद्याला अडकवून तुम्ही बसमधून उडी मारली आणि हिसक्याने बल तिप्पट झाले, तर शिवणीवर १३.५ किलोग्रॅमच्या वजनाएवढा ताण येईल. बारा टाक्यांनी तो वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा किलोग्रॅमहूनही कमी येतो. एवढा ताण चांगला दोरा सहज सोसतो.

पण टाके ताण खरोखरच वाटून घेतात का? पट्टा पिशवीच्या पाठीवर सपाट शिवलेला असेल आणि ओढ त्याच सपाटीत असेल, तर पुष्कळ टाके एकदम कामाला येतात. पट्टा पिशवीपासून सोलला जाईल अशी ओढ असेल, तर सगळा ताण पहिल्याच टाक्यावर पडतो. तो तुटला की दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. म्हणून पट्ट्याचे टोक निदान तीन-चार सेंटिमीटर पिशवीवर सपाट चढवावे, भोवती चौकोनी शिवण घालावी आणि मध्ये फुलीसारखे दोन तिरपे टाके-ओळी घालाव्यात. ओढ कोणत्याही दिशेने आली तरी तिला सामोरी जाणारी एक ओळ मिळते.

धावदोरा लवकर होतो, पण एका ठिकाणी तुटला की सबंध सैल पडतो. उलटी टीप घातली तर प्रत्येक टाका मागच्यावर चढतो आणि तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजू बराच काळ तग धरतात. सर्वांत उत्तम म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून त्या एकाच भोकातून विरुद्ध दिशांनी नेणे. यात जणू दोन स्वतंत्र शिवणी होतात. एक तुटली तरी दुसरी उभी राहते.

फाटलेल्या कडेच्या अगदी जवळ टाका घालू नका. तेथे सूत निसटते. निदान दीड सेंटिमीटर आत या, किंवा आतून ठिगळ लावा. ठिगळाचे कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो. आणि ठिगळाचे सूत दप्तराच्या सुताला समांतर ठेवा.

करून पाहा

१. जुना सुती रुमाल सुताच्या दिशेने ओढा. मग कोपऱ्यांना धरून तिरपा ओढा. कोणत्या दिशेने जास्त ताणला जातो? ठिगळ तिरपे का लावू नये, ते कळेल.

२. जुन्या धोतराच्या दोन सेंटिमीटर रुंद अशा तीन सारख्या पट्ट्या कापा. एक तशीच ठेवा. दुसरीत गोल सुईने आडवी पाच भोके पाडा. तिसरीत तेवढ्याच जागी पात्याच्या टोकाने दोन-दोन मिलिमीटरच्या पाच चिरा द्या. प्रत्येक पट्टीला बादली टांगा आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत जा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम. कोणती पट्टी किती लिटरला तुटते ते लिहून ठेवा. बादली जमिनीपासून चार बोटेच उंच असावी आणि पाय दूर ठेवावेत.

३. कागदाच्या दोन पट्ट्या डिंकाने टोकाशी चिकटवा. वाळल्यावर एक जोडी सपाटीत ओढून आणि दुसरी सोलून वेगळी करून पाहा. कोणत्या वेळी कमी बल लागले?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. दाब, घर्षण आणि पाचर हे धडे शिकवून झाले की एक तास उसवलेल्या दप्तरांसाठी राखून ठेवावा. लेन्स, स्क्रू गेज, ताणकाटा ही साधने प्रयोगशाळेत असतातच; सुया आणि दोरा मुले घरून आणतील. प्रत्येकाने आपल्या दोऱ्याची जाडी मोजावी, तिला साजेशी सुई निवडावी, टोक भिंगातून तपासावे आणि मगच पहिला टाका घालावा. शिवण पुरी झाली की दप्तरात ठरलेले वजन भरून, ताणकाट्याला टांगून ती तपासावी.

जाडी दोऱ्याला विचारा, टोक कापडाला विचारा, लांबी आणि आकार जागेला विचारा. एवढे तीन प्रश्न विचारून सुई उचललीत, तर जाड कापडालाही बहुधा बेताचीच सुई पुरते, आणि एकदा दुरुस्त केलेला पट्टा पुढच्या जूनमध्ये पुन्हा हातात घ्यावा लागत नाही.